आमची वाटचाल : फियाटचं इंजिन, मालकाच्या दारात

फियाट म्हणा किंवा प्रीमियर पद्मिनी, बॉनेट उघडल्यावर आत तेच दिसतं : 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, 68 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), 75 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची खालीवर धाव), ब्लॉक बिडाचा, त्यावरचं झाकण म्हणजे हेड ॲल्युमिनियमचं. आमची छोटी फर्म फक्त याच इंजिनाचं काम करते, आणि ते मालकाच्या घरी जाऊन करते. पार्किंग, अंगण, शेडखालची जागा, जे असेल ते चालतं. गाडी आमच्याकडे आणायला आम्ही सांगत नाही.

आमचे बाबा टॅक्सीच्या गॅरेजमध्ये मिस्त्री होते. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून गाड्या निघत होत्या तो काळ. 1974 पासून या गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं, पण गॅरेजात तिला कोणी पद्मिनी म्हणत नसे, ती फियाटच राहिली. पुढे उत्पादन थांबलं, टॅक्सीवाले हळूहळू दुसऱ्या गाड्यांकडे वळले आणि त्यांच्याबरोबर गॅरेजंही वळली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर 2023 मध्ये तीही रस्त्यावरून गेली. पण घरोघरी झाकून ठेवलेल्या खासगी गाड्या होत्याच. आजोबांची, वडिलांची, लग्नात घेतलेली. त्यांच्या मालकांना एकच उत्तर मिळायचं, "आता याचं काम कोण करणार?" आमची फर्म त्या प्रश्नातून उभी राहिली.

हात बाबांचा होता, माप माझ्या बायकोचं. ती एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी तपासणीला होती, मायक्रोमीटर आणि बोअर गेज तिच्या रोजच्या हातातले. बाबांना आवाजावरून बेअरिंग कळायचं, तिला आकड्यावरून. सुरुवातीला दोघांचं जमेल का अशी मला काळजी होती. पण बाबांनी "बिग एंड गेलाय" (म्हणजे पिस्टनच्या रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) म्हटलं की ती क्रँकची जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, चार ठिकाणी मोजून वहीत लिहायची, आणि बाबा चष्मा लावून तो आकडा वाचायचे. ती वही हीच आमच्या फर्मची खरी मालमत्ता. प्रत्येक इंजिनाचं पान वेगळं, आणि काम संपल्यावर त्याची प्रत मालकाला.

पहिल्या भेटीत आम्ही पाना लावत नाही, फक्त प्लग काढतो. "काका, आधी मोजू, मग खोलू," असं सांगतो. कारण फियाटने धूर मारला की बरेच लोक लगेच "फुल इंजिन काम" ठरवून मोकळे होतात, आणि तिथेच मालकाचे पैसे विनाकारण जातात. गाडी उभी राहून सकाळी सुरू केल्यावर निळ्या धुराचा एक लोट येतो आणि मग थांबतो, तर दोष बहुधा व्हॉल्व्ह गाइडकडे, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळीकडे असतो. चढावर, लोडवर सतत निळा धूर येतो, तर पिस्टनच्या रिंगा. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरमधला दाब मोजायचा. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर एकदम कमी असतील तर मधला हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) फुंकलाय असं समजायचं. एवढ्या तपासणीनंतर कितीतरी गाड्यांचं काम फक्त हेडपुरतं निघतं.

आणि हेडचं काम घरी उत्तम होतं. इंजिन गाडीतच राहतं. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा शाफ्ट उतरवायचा, रॉकरना खालून ढकलणारे पुशरॉड काढून पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचायचे, म्हणजे प्रत्येक रॉड परत स्वतःच्याच जागी जातो. कठीण भाग पुढे येतो. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये नळाचं साधं पाणी घातलेलं असतं, त्यामुळे ॲल्युमिनियम गंजून हेड स्टडवर, म्हणजे ब्लॉकमधून वर आलेल्या आटेदार दांड्यांवर, चिकटून बसतं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की हेडचा सपाट फेस कायमचा खराब होतो. बाबांची युक्ती आम्ही अजून वापरतो. रॉकर काढल्यावर सगळे व्हॉल्व्ह बंद असतात. पिस्टन खाली घेऊन प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची, तिचं एक टोक बाहेर ठेवायचं आणि क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने हळू फिरवायचं. पिस्टन वर येताना दोरी दाबतो आणि हेड आपोआप सुटतं. हे बघायला घरातली लहान मुलंसुद्धा जमतात.

घराबाहेर जातं ते फक्त मशीनचं काम : हेड फेसिंग, बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग. बोअर झिजून शेवटच्या ओव्हरसाइझ पिस्टनच्याही पुढे गेला असेल तर आम्ही दुसरा ब्लॉक शोधत नाही, आहे त्यालाच आतून नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, टाकून घेतो. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच आरसीवर. ब्लॉक बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करताना नंबर जुळला नाही तर मालकाची धावपळ होते. पन्नास वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर मूळ इंजिन हवंच हवं, असं माझं मत आहे. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून द्या अशी मागणी अधूनमधून येते. ते काम आम्ही घेत नाही.

व्हॉल्व्ह बंद होताना ज्यावर बसतो त्या कड्याबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह सीटबद्दल, थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे जुन्या पद्धतीने केलेलं काम टिकत नाही. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलच्या काळातली. शिशाचा पातळ थर सीटला झिजण्यापासून वाचवायचा. 2000 साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं आणि ते संरक्षण गेलं. एक्झॉस्टची सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) कमी होत जाते, शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. म्हणून टॅपेट वाजतोय तोवर फारशी चिंता नाही, आवाज एकदम शांत झाला तर गॅप तपासा, असं आम्ही प्रत्येक मालकाला सांगतो. हेड उतरलेलंच असेल आणि सीट मऊ असतील तर कडक धातूच्या सीट बसवून घेतो. नुसतं पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासून (लॅपिंग करून) सोडत नाही.

गेल्या काही वर्षांत कामाचा रोख बदलला तो पेट्रोलमुळे. वीस टक्के इथेनॉल आलं, आणि जुने रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरची वॉशरं फुगायला, चिरायला लागली. टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा मळ सुटून जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात, येतो. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, म्हणून उभ्या राहणाऱ्या गाडीत त्रास जास्त. आता इंजिन कामाबरोबर इंधनाचे सगळे पाइप इथेनॉल चालणारे टाकणं आम्ही सक्तीचं केलंय. प्लग पांढरे पडत असतील तर मिश्रण पातळ झालंय, मग जेट बघावा लागतो. महिनाभर गाडी काढायची नसेल तर टाकीकडून येणारा पाइप पंपाच्या आधी सोडवून त्याचं तोंड बंद करा आणि कार्ब्युरेटरमधला फ्लोट चेंबर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. एवढं केलं तरी कार्ब्युरेटर खूप वाचतो.

वर्षानुवर्षं बंद असलेली गाडी ढकलून किंवा ओढून सुरू करू नका, हे फोनवरच सांगतो. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं ऑइल घाला, आम्ही येईपर्यंत मुरू द्या.

फर्म आजही घरचीच आहे. बाबा आता गाडीखाली जात नाहीत, खुर्चीवर बसून डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) सेट करायला शिकवतात. मालकाने स्वतः टॅपेट आणि पॉइंट लावायला शिकावं असा आमचा आग्रह असतो. काम सुरू असताना एक सिलिंडर आम्ही करतो, उरलेले तीन त्यांच्या हातून करून घेतो. यात आमचा वेळ जातो, पुढचं छोटं कामही आमच्याकडे येत नाही. तरी हा नियम बदलायचा नाही असं घरात ठरलंय. स्वतः हात लावणारा मालक ऑइल वेळेवर बदलतो, हेडचे नट गाडी तापून थंड झाल्यावर सांगितल्याप्रमाणे पुन्हा आवळून घेतो, आणि नव्या रिंगा बसेपर्यंत इंजिनाला ताण देत नाही.

सध्या बायको जुन्या वह्यांमधली मापं एकत्र मांडतेय : कुठली जर्नल आधी ओव्हल होते, कुठला बोअर जास्त झिजतो. त्यावरून सुट्या भागांची पेटी नव्याने भरायची आहे, कारण चांगले गाइड आणि सीट आता आयत्या वेळी मिळत नाहीत. पावसाळ्यात उघड्यावर हेड उतरवत नसल्यामुळे त्या महिन्यांत आम्ही फक्त तपासणीच्या भेटी घेतो. इंजिन खोलायचं काम दिवाळीनंतर.