खाली मान घालून ताश्कंद

समरकंद आणि बुखारा ही मान वर करून बघायची शहरं. निळे घुमट, उंच कमानी, कमानींवरचं नक्षीकाम. दुपारपर्यंत मानेला रग लागते. ताश्कंदमध्ये मात्र बघण्यासारखं काही नाही, असं जाऊन आलेले सांगतात. रात्री उतरा, झोप काढा, सकाळची अफ्रासियाब ही वेगवान गाडी पकडा आणि समरकंद गाठा. दिल्लीहून जेमतेम तीन तासांत विमान पोचतं, घड्याळ फक्त अर्धा तास मागे करायचं. उझबेकिस्तानची राजधानी असली तरी बहुतेकांच्या लेखी ते जंक्शनच.

आम्ही तिथे मुक्काम ठोकला तो मे महिना उतरणीला लागलेला असताना. हवा तिशीच्या आतबाहेर, पाऊस संपलेला, संध्याकाळ पावणेआठपर्यंत लांबलेली. तिथे २५ जूनपासून चाळीस दिवसांचा कडक उन्हाळा धरतात, त्याला ‘चिल्ला’ म्हणतात. त्याच्या आत शहर बघून घ्यावं हे बरं. आणि बघावं ते खाली मान घालून. आमच्या लहानपणी खाली मान घालून जाणाऱ्या-येणाऱ्या मुलीचं आळीत फार कौतुक व्हायचं. मला ते कधी साधलं नाही. ताश्कंदने पन्नाशीत साधून घेतलं.

पहिलं कारण तुती. जुन्या महल्ल्यांत, शाळांच्या कडेला, बसथांब्यापाशी, कुठेही तुतीची झाडं आहेत आणि मेमध्ये ती अक्षरशः गळत असतात. पांढरी तुती पडली तर नुसती चिकचिक होते. काळी पडली की फुटपाथ जांभळा, बूट जांभळे, आणि झाडाखाली गाडी लावलेल्या माणसाचं तोंड बघण्यासारखं. महाबळेश्वरला मोजून हातावर ठेवतात तेवढीच तुती आपल्या ओळखीची. बीड-जालन्याकडे तिचे मळे झाले, पण ते पाल्यासाठी. फळ धरायच्या आत फांदी छाटून रेशीमकिड्यांपुढे जाते. उझबेकिस्तानातही झाड मुळात त्या किड्यांसाठीच जपलेलं, खेड्यांकडे वसंतात तुतीच्या फांद्यांचे भारेच्या भारे घराघरांत जातात. शहरातल्या झाडाला मात्र कोणी धनी नाही. म्हणजे सगळेच धनी. एका गल्लीत चार बायका पलंगपोस ताणून धरून उभ्या होत्या आणि वर चढलेला मुलगा फांदी हलवत होता. आम्ही बघत उभे राहिलो तर मूठभर तुती न विचारताच आमच्या ओंजळीत आली. कुठले, काय, ही चौकशी त्यानंतर. (हिंदुस्थान म्हटल्यावर राज कपूरचं नाव निघालंच. ते सगळ्यांनी लिहून झालं आहे, मी सोडून देते.)

व्हायचं तेच झालं, माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर डाग पडला. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी तो पाहिला, अंगणात गेल्या, चार कच्च्या हिरव्या तुत्या तोडून आणल्या आणि डागावर खसाखसा चोळल्या. पिकल्या तुतीचा डाग कच्च्या तुतीनेच जातो म्हणे. बराचसा गेला. उरला तो मी ठेवून घेतला.

दुसरं कारण ‘अरिक’. रस्ता आणि फुटपाथ यांच्या मधून जाणारा हा उघडा पाट. शेतावर वाढलेल्या माणसाला तो दिसला की पहिला प्रश्न पडतो, पाणी कुठून घेतलंय? घेतलंय चिरचिक नदीतून. तियानशानच्या पश्चिम अंगाचं बर्फ वितळतं, नदी फुगते, तिचं पाणी बोझसू कालव्याने शहरात येतं, तिथून अनहोरसारखे फाटे फुटतात आणि फुटत फुटत ते तुमच्या चपलेशेजारून वाहायला लागतं. म्हणून वसंताच्या शेवटी पाट भरून असतात आणि पाणी गार. बोटं बुडवली तर अंगठीपर्यंत हाड दुखतं. मुळाशी असं ओलं असलं की भर रस्त्यात चिनार सुखाने वाढतो. ताश्कंदच्या सावलीचं लोक फार कौतुक करतात. मला ती पाटकऱ्याची करामत वाटते. उतार किती द्यायचा, पाणी कुठे अडवायचं आणि कुठे सोडायचं, हे ज्याला कळलं त्याने हे शहर राहण्याजोगं केलं. नाहीतर ही जागा वाळवंटाच्या किती जवळ आहे ते नकाशात दिसतंच.

सकाळी लवकर बाहेर पडलं की प्रत्येक दारापुढे बाई किंवा सून रस्ता झाडत असते आणि झाडून झाल्यावर अरिकातलंच पाणी बादलीने शिंपडते. आपल्याकडचा सडाच, फक्त शेण नाही आणि रांगोळी नाही. मेमध्ये पॉप्लरचा कापूस उडतो, त्याचे पांढरे गोळे त्या ओल्या जमिनीला चिकटून बसतात, म्हणून पुन्हा झाडणं. या कापसाने नाक चोंदतं आणि डोळे चुरचुरतात, हेही सांगायला हवं. वसंताची छायाचित्रं शिंकत नाहीत.

चोर्सू बाजारात मात्र मान वर होतेच, तो निळा घुमट आहेच तसला. पण घुमटाखाली मांस, आणि मला मांसाच्या रांगांत रस नव्हता. माझा जीव बाहेरच्या ओळींत: स्ट्रॉबेरीच्या बादल्या, चेरी, कोवळ्या पातीच्या जुड्या, आणि बाबागाड्यांत भरून आणलेली रोटी. तिला ‘नोन’ म्हणतात. तंदुरातून काढलेली, गोल, मधोमध खिळ्यांच्या ठशाने टोचलेली. ती उलटी ठेवायची नाही. जमिनीवर तर नाहीच नाही. रस्त्यात तुकडा पडलेला दिसला की येणारा-जाणारा वाकून उचलतो आणि भिंतीच्या कठड्यावर ठेवतो, पायदळी येऊ नये म्हणून. सूट घातलेला, कानाला फोन लावलेला एक गृहस्थ बोलता बोलता वाकला, तुकडा उचलला, खिडकीच्या पट्टीवर ठेवला आणि बोलतच पुढे गेला. वदनी कवळ घेता म्हणत वाढलेल्या माणसाला यात नवल नाही, पण आपण रस्त्यातलं उचलतो का, हे मी मनातल्या मनात टाळलं.

मराठी घरांत ताश्कंद हे नाव आलं ते १९६६च्या जानेवारीत. १० तारखेला करारावर सह्या, आणि ११च्या पहाटेपूर्वी लालबहादूर शास्त्री गेले. त्या शिष्टमंडळात संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण होते. शास्त्रींच्या नावाचा रस्ता आणि त्यांचा अर्धपुतळा आजही तिथे आहे, आणि आपल्याकडची माणसं आवर्जून जाऊन हात जोडतात. आम्हीही जोडले. पण एक गोष्ट मला त्या पुतळ्यापाशी लक्षात आली. चव्हाणांनी पाहिलेलं ते ताश्कंद आज बरंचसं नाहीच. २६ एप्रिलला, म्हणजे साडेतीन महिन्यांत, पहाटे ५ वाजून २३ मिनिटांनी शहराच्या बरोबर पोटाखाली भूकंप झाला. तीव्रता जेमतेम पाचच्या वर, म्हणजे पुढच्या वर्षीच्या आपल्या कोयनेपेक्षा पुष्कळच कमी. पण केंद्र अगदी उथळ आणि वर कच्च्या विटांची घरं. सुमारे ३ लाख माणसं बेघर झाली. अलीशेर नवोई नाट्यगृह मात्र धक्क्यातून वाचलं, ज्याच्या बांधकामात जपानी युद्धकैद्यांचे हात लागले होते. मग सोव्हिएत संघराज्यातल्या सगळ्या प्रजासत्ताकांतून गवंडी, अभियंते, क्रेन येत गेले, आणि रुंद रस्ते, कारंजी, चौकोनी इमारती असं आजचं शहर बांधलं गेलं. त्याचं स्मारक १९७६चं. काळ्या दगडाचा ठोकळा, त्यावर भूकंपाची वेळ कोरलेली, ठोकळा दुभंगलेला. ती भेग तिथेच थांबत नाही. जमिनीवरून चालत पुतळ्यातल्या बाप, आई आणि मुलाच्या पायांपर्यंत जाते. वरचे पुतळे त्या काळच्या थाटाचे, छाती पुढे काढलेले. मला ते बेताचेच वाटले. भेग मात्र नेमकी पडली आहे.

वर बघावं तर आता क्रेन आणि काचेचे मनोरे. अमीर तैमूर चौकातले जुने चिनार २००९ मध्ये तोडले, तिथे दुपारी उभं राहून दाखवावं कोणी. २०१९ मध्ये मौल्यवान जातींची झाडं तोडायला बंदी झाली, ती तेव्हा असती तर.

गंमत अशी की या शहरात मान मनसोक्त वर करायची तर जमिनीखाली जावं लागतं. १९७७ची मेट्रो, मध्य आशियातली पहिली. भूकंपानंतरची, म्हणून धक्क्यांचा हिशेब करूनच बांधलेली, आणि युद्धाच्या वेळी आसरा म्हणूनही, त्यामुळे २०१८ पर्यंत आत छायाचित्रं काढायला मनाई होती. अलीशेर नवोई स्थानकात ओळीने घुमट, जणू समरकंदहून उचलून आणलेले. कॉस्मोनाव्तलार स्थानकात निळ्या भिंती, अंतराळवीर गागारिन, तेरेश्कोवा, आणि त्यांच्याच पंगतीला पंधराव्या शतकातला खगोलवेडा राजा उलूगबेग. तैमूरच्या या नातवाला इथे बरोबर जागा मिळाली आहे. आम्ही तीन-तीन गाड्या सोडून नुसते फलाटावर फिरायचो आणि कोणी हटकलं नाही.

डब्यात शिरल्यावर मात्र वेगळाच प्रसंग. तिथे वडीलधाऱ्या माणसाला बघून तरुण पोरं अशी झटकन उठतात की समोरच्याला नाही म्हणायची सवडच राहत नाही. एक विशीचा मुलगा उठला, छातीवर हात ठेवून किंचित झुकला आणि मला म्हणाला, “खोला, बसा.” खोला म्हणजे मावशी, हे मला ठाऊक होतं. केस रंगवून आठवडाही झाला नव्हता. मी बसले. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या नवऱ्यासाठी डब्यातलं कोणीही उठलं नाही, आणि तो दांडीला लोंबकळत चोर्सूपर्यंत शीळ घालत आला.