मारिया कॅलासची पट्टी कोणती?

ऑपेराची गायिका मारिया कॅलास हिच्याबद्दल नेटवर काहीही वाचायला घ्या, दोन परिच्छेदांत तिचा प्रियकर, ग्रीक जहाजमालक ओनासिस येतोच. मग तिचं वजन, तिची भांडणं, शेवटी पॅरिसच्या फ्लॅटमधला एकटेपणा. घडलं असेल सगळं, पण ग्वाल्हेरात गाण्याच्या घरात वाढलेल्या माणसाला प्रश्न वेगळाच पडतो की बाई गायची थांबली केव्हा? तर शेवटचा ऑपेरा ५ जुलै १९६५, लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला, 'टोस्का'. वय ४१. एक्केचाळीस! आपल्याकडे या वयात "आता कुठे गळा पिकायला लागलाय" म्हणतात. ग्वाल्हेर घराण्याचे गवई कृष्णराव शंकर पंडित ऐंशीच्या पुढेही गात होते, त्यांना समोर बसून ऐकलेली म्हातारी माणसं आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात अजून भेटतात.

जन्म न्यूयॉर्कचा, १९२३ चा, आईवडील ग्रीक. १९३७ ला आई तिला घेऊन अथेन्सला परतली आणि तिथे तिला एल्विरा दे इदाल्गो ही स्पॅनिश गायिका गुरू मिळाली. इथे मला ती एकदम आपली वाटते, कारण स्वतःचा तास झाला तरी ही घरी जायचीच नाही, दिवसभर तिथेच बसून बाकीच्यांची तालीम ऐकायची, अगदी बेताच्या गळ्याच्या मुलींचीसुद्धा. नजर इतकी अधू की स्टेजवर चष्म्याशिवाय कंडक्टर दिसायचा नाही, म्हणून सगळं आधीच पाठ करून उभी राहायची.

पुढे इटली, १९४७ ला व्हेरोना, आणि मग जानेवारी १९४९ ला व्हेनिसमध्ये जे झालं त्याने तिचं नाव झालं. ती वाग्नरची ब्रुनहिल्ड गात होती, म्हणजे भल्यामोठ्या ऑर्केस्ट्रावर स्वार होणारा दणकट आवाज. त्याच थिएटरात बेल्लिनीच्या 'इ पुरितानी'ची नायिका आजारी पडली आणि कंडक्टर सेराफिनने हिला सांगितलं की तू गा. ती भूमिका म्हणजे नुसत्या बारीक, झरझर ताना. भारदस्त धमार गाणाऱ्याला म्हणायचं की आठवडाभरात चपळ तानांचा ग्वाल्हेरचा टप्पा बसव आणि मधल्या संध्याकाळी धमारही चालू ठेव, तसला प्रकार. तिने केलं आणि लोक वेडे झाले.

मागे काकूला फोनवर तिची एक आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकटीने गायचं गाणं, लावून दिली. काकू आयुष्यभर पोरींना गाणं शिकवलेली बाई, मेथी निवडता निवडता ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आवाज गोड नाहीये गं हिचा, पण खोटं एक अक्षर नाही." मग विचारलं, "हिची पट्टी कोणती?" म्हणजे ही आपला सा कुठे धरते.

मी म्हटलं, काकू, त्यांच्यात पट्टी नसते, संगीतकाराने लिहिलंय तिथेच गायचं. फार तर एखादी आरिया जरा खाली घेतात.

"म्हणजे घसा बसला तरी तेवढंच वर जायचं?"

हो.

"माईक?"

नाही. समोर अख्खा ऑर्केस्ट्रा आणि दोनेक हजार माणसं.

"मग चाळिशीपर्यंत टिकली हेच पुष्कळ की!"

मला तरी हे ओनासिसच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा पटलं. आपला गवई आपला सा आपण ठरवतो, वय झालं की पेटीच्या काळी चारवरून हळूच खाली येतो, सर्दी असेल तर तार सप्तकाकडे फिरकतच नाही, आणि समोरचे म्हणतात वा काय ठहराव आलाय. तिला ही सोयच नव्हती. २ जानेवारी १९५८, रोम ऑपेरा, 'नॉर्मा', प्रेक्षकांत खुद्द इटलीचे राष्ट्रपती, हिचा घसा बसलेला. पहिला अंक कसाबसा गाऊन ती पुढे गाऊ शकली नाही, बदली गायिका तयार नव्हती, खेळ बंद. दुसऱ्या दिवशी पेपरांनी सोलून काढलं. नखरेल बाई म्हणून शिक्का बसला तो कायमचा. आणि 'नॉर्मा' ही तिने सगळ्यात जास्त वेळा केलेली भूमिका, गळ्याचा घाम काढणारी!

वजनाचं म्हणाल तर १९५३-५४ मध्ये तिने तीसेक किलो उतरवलं आणि आवाज त्यानेच गेला असं छातीठोकपणे सांगणारे खूप आहेत. असेलही त्याचा हात, पण विशीपासून जड आणि हलक्या दोन्ही भूमिका एकाच गळ्यावर लादल्या, तो हिशेब कोण करणार?

आता सगळे ऑपेरावाले चाळिशीत संपतात असं नाही हं. स्पॅनिश गायक प्लासिदो डोमिंगो सत्तरीनंतरही स्टेजवर होता. पण कसा? टेनरच्या, म्हणजे पुरुषांच्या उंच आवाजाच्या भूमिका सोडून खालच्या, बॅरिटोनच्या घेतल्या. म्हणजे पट्टी उतरवलीच ना एका परीने! सोप्रानोला, म्हणजे कॅलाससारख्या उंच आवाजाच्या बाईला, तेही सोपं नाही, कारण खालच्या भूमिका बहुतेक आया, दाया आणि चेटकिणींच्या.

१९७१-७२ ला न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीतशाळेत कॅलासने शिकवलं, मग टेनर दि स्तेफानोबरोबर पुन्हा मैफिलींचा दौरा काढला, तो नोव्हेंबर १९७४ ला जपानमध्ये संपला. १६ सप्टेंबर १९७७ ला गेली, ५३ व्या वर्षी.

ऐकायचं असेल तर 'टोस्का'च्या दोन्ही स्टुडिओ रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका, आधी १९५३ ची, कंडक्टर दे साबाताची, मग १९६४ ची, कंडक्टर प्रेत्रची. दोन्हींत समोर खलनायक तोच, तीतो गोब्बी. दुसरीत वरचे स्वर हलतात, लपत नाही. पण दुसऱ्या अंकात गोब्बीशी तिची जी झटापट आहे ना, तिथे काकूने दुसरीलाच जास्त मार्क दिले आणि मला अजून पहिलीच आवडते, यावर आमचं रोज वाजतं.