झाकणाच्या आतली खूण

स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँमध्ये आमच्या गल्लीत जुन्या घड्याळांचं एक छोटं दुकान आहे. तिथल्या आजोबांनी परवा नानांचं एचएमटी उघडलं आणि डोळ्याला भिंग लावून मागच्या झाकणाची आतली बाजूच बघत बसले. सुईने कोरलेली तारीख आणि दोन अक्षरं. संभाजीनगरच्या गुलमंडीवरच्या घडीसाजाने सर्व्हिसिंग करून ठेवलेली खूण! इथले कारागीरही अशीच खूण कोरतात, म्हणाले, आणि वहीत उतरवून घेतली. दुकानातल्या प्रत्येक घड्याळाची अशी नोंद आहे: कोणी उघडलं, कधी, काय बदललं. मला भरून आलं.

हे गावच घड्याळांसाठी आखलेलं. 1794 च्या आगीत जळालं, मग घरांच्या लांब सरळ ओळी बांधल्या, भरपूर उजेड येईल अशा. कारागीर घरीच खिडकीशी बसून काम करायचे. (चंदीगड आखणारा वास्तुकार ल कॉर्ब्युझिए इथलाच, आधी घड्याळांच्या डब्यांवर नक्षी कोरायला शिकला.) 2009 पासून गाव युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

पण इथेही सगळं आपोआप टिकलं नाही. सेलवर चालणारी घड्याळं आली आणि 1970 मध्ये देशभरात या धंद्यात असलेल्या सुमारे 90,000 लोकांपैकी 80 च्या दशकाच्या मध्याला जेमतेम तिसरा हिस्सा उरला. म्हणून ‘आपल्याकडे कोणी काही जपत नाही’ हे मी कोणाकडूनच ऐकून घेत नाही. इथे म्युझियम आहे, घड्याळ शिकवणाऱ्या शाळा आहेत. आमच्या घडीसाजाकडे जिन्याखालची जागा होती, आणि सुटा भाग मिळाला नाही तर दुसऱ्या घड्याळाचा काढून, घासून बसवायचं कसब होतं. 1961 साली सिटिझनच्या मदतीने सुरू झालेली एचएमटीची घड्याळं सरकारने 2016 मध्ये बंद करायचं ठरवलं, तरी नानांचं चालतंय ते त्याच कसबावर. आपल्या संभाजीनगरच्या हिमरू कापडाचे माग तरी कोणी टिकवले? विणणाऱ्या घरांनीच ना!

हेवा वाटतो तो फक्त त्या वहीचा. आजोबांनी तिच्यात आपल्याकडच्या खुणांसाठी वेगळं पान केलंय.

तेव्हा संभाजीनगर, परभणी, नांदेड, लातूरकडच्या मंडळींनो, घरात चावीचं जुनं घड्याळ असेल तर झाकणाच्या आतला फोटो मला पाठवा. आणि जमलं तर ती खूण कोणाची, हे तुमच्या घडीसाजालाच विचारा. फक्त घरी चाकूने झाकण उचकटू नका, त्यांच्याकडूनच उघडून घ्या.