कॉम्प्युटरला माझं बोलणं कळेना, त्याचे तीन दिवस

मनगट दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी माउस कमी वापरायला सांगितलं. तेव्हा ठरवलं, निदान ब्राउझर उघडणं, फाइल शोधणं, आवाज कमी-जास्त करणं एवढं तरी तोंडी सांगून व्हायला हवं. माझं बोलणं कुठल्या सर्व्हरवर जायला नको होतं, म्हणून सगळं माझ्याच मशीनवर चालणारं हवं होतं. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येते. २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं व्हिस्पर, म्हणजे बोलणं ऐकून अक्षरांत उतरवणारं मॉडेल, मराठी ओळखतं. ते इन्स्टॉल करून चार कमांड लिहिणं एका दुपारी उरकलं.

पुढचे तीन दिवस नुसती चिडचिड. 'ब्राउझर उघड' म्हटलं की स्क्रीनवर कधी रिकामी ओळ, कधी अर्थ नसलेले शब्द. माइक बदलला, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. सगळीकडे एकच सल्ला: हळू आणि स्पष्ट बोला. मी आणखी हळू बोलले, तर निकाल आणखी वाईट! व्हिस्परचं मोठं मॉडेल घालून पाहिलं, तर उत्तर यायला वेळ तेवढा जास्त लागला. सगळ्यात राग याचा की कुठेही एररची ओळ येत नव्हती. प्रोग्रॅम निमूट चालत होता.

शेवटी धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, मॉडेलला जे देतेयस ते आधी फाइलमध्ये साठवून ऐक तरी." ऐकलं, तर जाड, घोगरा, ओढत बोलणारा भलताच आवाज. सव्वा सेकंदाचे दोन शब्द जवळपास चार सेकंद चालले होते. तिथेच उलगडा झाला. माझा माइक सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, म्हणजे मोजमापं, घेतो आणि मॉडेल १६,००० धरून चालतं. म्हणजे माझं प्रत्येक वाक्य त्याला तिप्पट संथ ऐकू येत होतं. ऑडिओ फाइल दिली तर व्हिस्पर हा बदल स्वतः करून घेतं. मी माइकवरून आलेले आकडे थेट देत होते, तिथे ते काम आपलं असतं.

रेकॉर्डिंगच १६,००० वर सुरू करा. माइकला ते जमत नसेल तर रीसॅम्पलिंगची, म्हणजे नमुन्यांचा दर बदलून देणारी, तयार लायब्ररी वापरा. नुसता दर तिसरा नमुना उचलू नका, त्याने आवाजात खरखर मिसळते. पण सगळ्याच्या आधी, पहिल्याच दिवशी, स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका. हे एक वाक्य कुणी ठळक लिहून ठेवलं असतं तर माझे तीन दिवस वाचले असते.

हो, आणि भाषा मराठी म्हणून ठरवून द्या. ती त्याच्यावर सोडली तेव्हा माझी छोटी वाक्यं ते हिंदी समजायचं. असिस्टंट, म्हणजे हा आपला प्रोग्रॅम, बोलून उत्तर देत असताना माइक बंद ठेवा, नाहीतर तो स्वतःचंच बोलणं कमांड म्हणून ऐकतो. हाक मारायचा शब्द लांब ठेवा. माझा आधी 'ऐक' होता आणि फोनवर कुणाशी बोलताना तो दहादा जागा व्हायचा. आता 'सखी ऐक' आहे. फाइल डिलीट करण्याची कमांड मी मुद्दाम दिलेलीच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हटलं, "सखी ऐक, ब्राउझर उघड." उघडला. मी तो बंद करून पुन्हा उघडायला लावला, चार वेळा.