डिफॉल्टर लिस्टमधली मुलगी

सोलापुरातल्या एका सीनियर कॉलेजच्या ऑफिसात मी स्कॉलरशिपचं टेबल बघते. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट बोर्डावर लागली की आमच्या खिडकीला नुसती झुंबड, कुणाचे बाबा येतात, कुणाचा मामा येतो, कुणी कालच काढलेलं डॉक्टरचं सर्टिफिकेट पुढं करतं. त्या दिवशी बीएस्सी सेकंड इयरची एक मुलगी आईला घेऊन आली आणि रांगेत न लागता बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली. चेहरा पिवळट, ओठ पांढरेफटक. गर्दी ओसरल्यावर आई पुढं आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तिला दर वीस-एकवीस दिवसाला रक्त चढवावं लागतंय ओ. कुणाला सांगू नका पण."

थॅलेसेमिया मेजर. जन्मापासून. शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयारच होत नाही, म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यायचं, आयुष्यभर. आई-बाप दोघं थॅलेसेमिया मायनर असले, म्हणजे दोष अंगात पण स्वतः धडधाकट, तरी मूल असं जन्माला येऊ शकतं. हे मला थोडंफार माहीत होतं, पण आपल्याच कॉलेजात दीड वर्ष एक मुलगी हे सगळं अंगावर घेऊन केमिस्ट्रीचे प्रॅक्टिकल करतीय आणि आपल्यापैकी एकालाही पत्ता नाही, हे ऐकून मी सुन्नच झाले.

आईच्या हातात कापड दुकानाची पिशवी, त्यात घड्या पडून मऊ झालेले कागद. दवाखान्याचं कार्ड, प्रत्येक ओळीत तारीख, हिमोग्लोबिन किती, रक्ताच्या पिशव्या किती, शेवटी सही-शिक्का. मी शिपाईमामांना डिपार्टमेंटमधून हजेरीचं मस्टर आणायला लावलं आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. कार्डावरची तारीख बोट ठेवून वाचायची आणि मस्टरमधे बघायचं, गैरहजर. पुढची तारीख, गैरहजर. तिचा अक्षरशः एकही खाडा उगीचचा नव्हता. कार्डाच्या तारखेच्या आदल्या दिवशीही बऱ्याचदा खाडा होता, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, आदल्या दिवशी हिमोग्लोबिन सातच्या आसपास आलेलं असतं, जिना चढताना धाप लागते. लॅब तिसऱ्या मजल्यावर आहे." सकाळी जाऊन सॅम्पल द्यायचं, क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त तिच्या रक्ताशी जुळतंय का ते बघून होईपर्यंत बसायचं, मग एकेक पिशवी तीन-तीन तास, दोन पिशव्यांत दिवस संपतो. आणि मे महिन्यात, दिवाळीत शिबिरं नसतात, रक्ताचा तुटवडा, तेव्हा "परवा या" म्हणून परत पाठवतात, तो दिवस कार्डावर येतही नाही.

एक गोष्ट तर माझ्या डोक्यातून जातच नाही. मागच्या वर्षी कॉलेजात मुलींचा हिमोग्लोबिन तपासणीचा कॅम्प झाला होता. हिचं आठ आलं. कमी आलेल्या सगळ्या मुलींना सरसकट लोहाच्या गोळ्या वाटल्या, हिलाही दिल्या. सततच्या रक्तामुळं हिच्या शरीरात लोह आधीच साठत असतं, हृदयावर, लिव्हरवर, ते बाहेर काढायला ती रोज डेफेरासिरॉक्सची गोळी घेते, आणि आम्ही तिच्या हातात लोहाची पाकिटं देऊन फोटो काढले. तिला कळत होतं म्हणून तिनं त्या खाल्ल्या नाहीत. सगळ्यांसमोर कारण सांगावं लागेल म्हणून नको पण म्हणाली नाही, घरी नेऊन ठेवल्या.

का लपवलं, तर आई म्हणाली, उद्या स्थळ बघायचंय, नाव बाहेर गेलं की संपलं. मला त्या बाईचा राग आला नाही. विडी घरकुलात राहतात, वडील पूर्वी लूमवर होते, आता हाताला मिळेल ते काम. आई घरी विड्या वळते, कारखान्यातून पानं-तंबाखू आणायचा, वळून दुसऱ्या दिवशी पोचवायच्या. जितक्या हजार विड्या तितके पैसे, दवाखान्यात बसली की त्या दिवशीच्या विड्या नाहीत.

तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं, म्हणलं मावशी, तुमचं विडी कामगारांचं कार्ड आहे का? होतं! त्याच पिशवीत, तळाला. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाची स्कॉलरशिप आहे, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म भरायचा, डिग्रीला वर्षाला ६००० रुपये. सोलापुरात घराघरात विड्या वळतात आणि तरी हिच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घालायला मजुरी बुडते म्हणून तिनं कुठलीच स्कॉलरशिप भरली नव्हती. दुसरी कुठली चालू असेल तर ही मिळत नाही, त्यामुळं तो प्रश्नच आला नाही.

मग प्राचार्यांकडं गेलो, मस्टर आणि कार्ड दोन्ही घेऊन. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ च होते, आणि नवीन यादीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल तिन्ही आहेत. पण आमच्या एच.ओ.डी., म्हणजे विभागप्रमुख सरांच्या डोळ्यापुढं दिव्यांग म्हणजे काठी किंवा व्हीलचेअर, ते म्हणाले, ही तर चांगली चालतीय की. मी कार्ड त्यांच्यापुढं सरकवलं. सरांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं, बराच वेळ लागला, आणि मग स्वतःच म्हणाले की बुडालेले प्रॅक्टिकल शनिवारच्या बॅचला करून घेतो आणि लॅबचं काहीतरी खालच्या मजल्यावर बघतो. हजेरीचं प्राचार्यांनी त्यांच्या अधिकारात मान्य केलं, टर्म ग्रँट झाली, म्हणजे परीक्षेला बसायची वाट मोकळी. अर्जावर आजाराचं नाव न लिहिता "वैद्यकीय कारण, कागद बंद पाकिटात" एवढंच लिहिलं, आईला दिलेला शब्द होता.

अजून एक, ही माणसं तपासण्यांना पुण्याला जायची तेव्हा रेल्वेचं पूर्ण तिकीट काढून जायची. थॅलेसेमियाच्या पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपरला ७५ टक्के सवलत आहे, सोबतच्या एका माणसालाही, फक्त दवाखान्याचं ठराविक नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं. हे ऐकल्यावर आई पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून बोलली, म्हणाली, "इतकी वर्षं कुणीच कसं सांगितलं नाही ओ?" रक्त फुकट, सवलत रेल्वेकडं, स्कॉलरशिप कामगार खात्याची, सर्टिफिकेट सिव्हिलला, हजेरी कॉलेजात, आणि ह्या सगळ्यांमधून पळायचं कुणी तर जिचं हिमोग्लोबिन सात आहे तिनं. मला हे अजिबात पटत नाही. हे काम कॉलेजचंच आहे, आमच्या टेबलाचं आहे.

आता यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज ऑनलाईन भरलाय, मेडिकल बोर्डाची तारीख यायचीय. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याच्या वर लिहून आलं तर पुढं एमएस्सीच्या अ‍ॅडमिशनला दिव्यांगांच्या ५ टक्के राखीव जागांमधे तिला बसता येईल, त्याच्या खाली आलं तर नाही, पण हजेरीची आणि लॅबची सोय तरीही द्यायला हवी असं मी प्राचार्यांना लेखी दिलंय. फेरिटिनच्या, म्हणजे शरीरात लोह किती साठलंय त्याच्या टेस्टचा खर्च विद्यार्थी निधीतून करता येतो का ते विचारलंय, उत्तर आलेलं नाही. आणि यंदाच्या अ‍ॅडमिशन फॉर्मसोबत तब्येतीविषयी एक वेगळा बंद पाकिटातला कागद लावायचाय, त्याचा मसुदा तिनंच लिहून दिलाय. पहिलं वाक्य असं आहे, "ही माहिती वर्गात वाचली जाणार नाही."