पुणे ते सिस्सू, भर जानेवारीत: बोगद्याच्या अलीकडचे ते काही किलोमीटर

सिस्सू म्हणजे हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यातलं गाव, मनालीच्या पुढे अटल बोगदा ओलांडला की लागतं. ‘अटल बोगदा झालाय, आता कुठलीही गाडी जाते, बिनधास्त जा.’ निघण्याआधी ज्याला त्याला विचारलं, त्याने हेच सांगितलं. बोगद्यापुरतं ते खरंही आहे. २०२० साली सुरू झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा बाहेर बर्फ पडत असतानाही आतून कोरडा असतो. पण त्याच्या तोंडाशी पोचायला मनालीच्या पुढचा सोलंग ते धुंडी हा रस्ता चढावा लागतो आणि त्या चढाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

धुळे, इंदूर, कोटा, जयपूर हे सगळं आरामात झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. नारनौलहून १५२-डी महामार्ग धरा, दिल्लीच्या वाटेला जाऊ नका. हरियाणात मात्र सकाळी नऊच्या आत गाडी काढायची नाही. धुक्यात बॉनेटच्या पुढचं दिसत नाही आणि मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक पुढ्यात उभी राहते. पुढे हिमाचलात चढणारा किरतपूर-मंडी रस्ता आता झकास. पंडोह ते औट दरडींचा पट्टा आहे, तो उजेडात पार करा.

डिझेलवाल्यांनी हे नीट वाचा. आपल्याकडच्या पंपावर भरलेलं डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं. त्यातलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. मनालीत सकाळी गाडी सुरू झाली, दोन मिनिटं चालली आणि बंद पडली. हॉटेलच्या पोऱ्याने किटलीभर गरम पाणी फिल्टरवर ओतलं तेव्हा कुठे रांगेला लागली. मंडीला टाकी जवळपास रिकामी होईल असा हिशोब ठेवा आणि तिथून पुढे हिमाचलातलंच डिझेल भरा. कूलंटमध्ये उन्हाळ्यात साधं पाणी घातलं असेल तर निघण्याआधी बदलून घ्या. काच धुण्याच्या टाकीतलं पाणी काढून टाका. रात्री हँडब्रेक लावू नका, गोठून चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा.

आता साखळ्या, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून चाकांवर चढवतात त्या. बर्फ पडला की पोलीस सोलंगच्या आसपास अडवतात: फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर असलेली गाडी) असेल किंवा चाकांना साखळ्या असतील तरच पुढे. नेमकी तिथेच साखळी भाड्याने देणारी पोरं उभी असतात. मला सांगितले अडीच हजार. घासाघीस करून अठराशेवर आणलं. पोराने चिखलात आडवं पडून साखळी चढवली. तिची एक कडी तुटलेली, बाइंडिंगच्या तारेने बांधलेली, आणि माप माझ्या टायरचं नव्हतंच. वळणावर ती सुटून मडगार्डला खडाखडा आपटायला लागली. वर पोचल्यावर कळलं की अठराशे फक्त बोगद्याच्या तोंडापर्यंतचे, परतीचे वेगळे! शुद्ध लूट आहे ही.

त्यामुळे साखळ्या पुण्यातूनच घेऊन निघा, टायरवर लिहिलेलं माप बघून. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार वेळा चढवून-उतरवून बघा, कारण तिथे बोटं बधिर झालेली असतात. साखळी इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच लागते. आपल्या बहुतेक गाड्यांना पुढच्या. वेग तीसच्या आत ठेवा. बोगद्यात कोरडं डांबर आहे, तिथे साखळी टायर खाते, म्हणून तोंडाशी उतरवा आणि पलीकडे बर्फ असेल तर परत चढवा. कंटाळवाणं आहे, पण टायरच्या किमतीपेक्षा स्वस्त.

पांढऱ्या बर्फापेक्षा सावलीतल्या काळ्या, ओल्या दिसणाऱ्या रस्त्याला जास्त भ्यायचं. तो ओला नसतो, काचेसारखा गोठलेला असतो. तिथे ब्रेकला पाय लावायचा नाही. पहिल्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरायचं. पुढची गाडी घसरली तर तिला मदत करायला मागोमाग थांबू नका, आधी जागा बघा. चढ आणि उतार दोन्ही अकरा ते तीनमध्ये उरका.

सिस्सूत काय पाहिलं? बर्फ, चंद्रा नदी, मॅगी. पोचल्यावर मी वेड्यासारखा नाचलो, त्यामुळे त्या गावाबद्दल माझं मत धरू नका. मात्र तारखा ठरवण्याआधी मनालीत चौकशी करा. जानेवारीत लाहौलात हालडाचा सण असतो आणि त्या सुमारास सिस्सूकडची गावं पाहुण्यांना काही आठवडे बंद ठेवली जातात.

साखळी घेणं जमणार नसेल तर गाडी मनालीतच लावा आणि रस्ता चालू असेल त्या दिवशी सिस्सूवरून पुढे जाणाऱ्या केलाँगच्या एसटीत बसा. चालक तिथलेच असतात, आणि तिकिटात परतीचे पैसे वेगळे काढायचे झाले तरी अठराशे होत नाहीत.