मुंबई ते दुबई : ३२२ टप्पे

आमचे बाबा एसटीत कंडक्टर होते. सहा किलोमीटरचा एक टप्पा, हेच त्यांचं माप. मुंबई विमानतळ ते दुबई विमानतळ सरळ रेषेत साधारण १९३० किलोमीटर, असं मी फोनवर सांगितलं, तर पेपराच्या कडेला भागाकार करून म्हणाले, "३२२ टप्पे. ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे का?"

जानेवारीत आई-बाबा पहिल्यांदा माझ्याकडे दुबईला यायचेत. तिकीट पाठवलं आणि बाबांच्या शंका सुरू झाल्या. सुटणार पहाटे ४.१०, पोचणार ५.५५. "पावणेदोन तासांत? आणि परतीचं रात्री १० ला सुटून २.२५ ला? येताना काय घाट लागतो?"

घाट नाही, घड्याळ. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. दोन्हीकडच्या वेळा सुटणाऱ्या गावाच्या नि पोचणाऱ्या गावाच्या छापतात. दीड तास इकडे मिळवला, तिकडे वजा केला की जाताना सव्वातीन तास, येताना तीनला पाच मिनिटं कमी.

हिशोब बाबांना पटला, पण उरलेली वीस मिनिटं त्यांनी सोडली नाहीत. ती वाऱ्याची. हिवाळ्यात उत्तर भारत आणि आखाताच्या वर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. दुबईला जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. पावसाळ्यात हाच पट्टा हिमालयापलीकडे सरकतो, मग हा फरक पार कमी होतो. म्हणजे आपला मोसमी पाऊस आणि आपलं वेळापत्रक एकाच वाऱ्याशी बांधलेलं. मला हे भारी वाटतं. बाबांना नाही वाटलं. ते म्हणाले, "म्हणजे ड्रायव्हरची चूक नाही."

खरं तर ताशी साडेआठशेच्या वेगाने हे अंतर सव्वादोन तासांचंच. पण तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आली, चढण-उतरण आली, ठरलेल्या हवाई मार्गाची वळणं आली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. परतताना पालघरच्या आसपास दिवे दिसायला लागतात आणि विमान घिरट्या घालत बसतं, ते यामुळे.

आईला यातलं काही नको होतं. तिने विचारलं, "गुवाहाटीपेक्षा लांब का?" शेजारच्या काकूंचा मुलगा तिकडे आहे. तर नाही. मुंबईहून गुवाहाटी दुबईपेक्षा शंभरेक किलोमीटर जास्तच आहे, आणि मस्कत तर कोलकात्यापेक्षाही जवळ. हे ऐकून तिचा निम्मा धसका गेला.

माझा धसका वेगळा आहे. आई-बाबांचं चिपळूण ते सहार, म्हणजे मुंबईचा विमानतळ. महामार्गावर पाच तास धरा, सहाही लागतात, आणि पनवेलनंतर वाशीचा पूल काय करेल ते सांगता येत नाही. त्यात आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी हजर राहायचं. नवी मुंबईत उलव्याच्या नव्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. कोकणातल्या माणसाला तो खाडीच्या अलीकडे पडतो. पण या खेपेचं तिकीट सहारचं आहे. म्हणून दोघांना आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने मामाकडे ठाण्याला पाठवतेय. बाबांचं म्हणणं, संध्याकाळी निघालं तरी चालेल. मी ऐकणार नाही.